साहेबांचं पोट

साहेबांना जुलाब लागले होते आणि ते थांबायचं नाव घेत नव्हते.

साहेब म्हणजे तट्टू. नाना बेकरीच्या पावाची गाडी हाकायचे तेव्हा हे तट्टू गाडीला होतं. सकाळी नानांनी हात उंचावून सलाम ठोकल्याशिवाय ते जागचं हलत नसे, म्हणून साहेब. पुढे बेकरीनं मोटार घेतली. नाना घरी बसले, साहेबही घरी बसले. मग नाना गेले आणि साहेब राहिले, निवृत्त अधिकारी राहतात तसे: काम काही नाही, पण खाणं वेळेवर लागतं आणि उशीर झाला की पाय आपटतात.

घरात नानांची दोन मुलं. थोरली ताई खाली राहायची आणि चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. धाकटा बाळ वरच्या मजल्यावर राहायचा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बाळ पन्नाशीच्या पलीकडे गेला होता, पण घरात शेवटी जन्मलेल्या माणसाला बढती मिळत नाही. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. नानांनंतर दोघं एकमेकांशी बोलतही नव्हती.

कारण साधं होतं. नानांच्या शेवटच्या आजारात एके रात्री त्यांची गोळी द्यायची राहिली. ताईला वाटलं बाळनं दिली, बाळला वाटलं ताईनं दिली. सकाळी नाना उठले नाहीत. त्या गोळीनं काहीही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दोघांनीही ते मनावर घेतलं नाही, कारण त्यात कोणाचाच दोष निघत नव्हता.

तरी एका घरात राहायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागतंच. ते साहेबांमार्फत चाले. मागच्या अंगणातल्या तबेल्यात सकाळ-संध्याकाळ दोघांची गाठ पडे आणि कामकाज सुरू होई.

"साहेब, वरच्या मजल्याला सांगा, कोंड्याचं पोतं उघडं टाकत जाऊ नका. उंदरांची बाळंतपणं होतायत त्यात."

"साहेब, खालच्या मजल्याला विचारा, पोतं खांद्यावरून आणलं कोणी?"

"आणणाऱ्याला तोंड बांधता येत नसेल तर सांगा म्हणावं. आम्ही आमच्या तोंडाला बांधलंय तसं पोत्याला बांधू."

साहेब मधे उभे राहून चघळत असत. इतका निःपक्षपाती मध्यस्थ माणसांत मिळाला नसता. पाणीपट्टी भरणं, छपराची गळती, मावशीच्या नातवाच्या लग्नाला कोणी जायचं, हे सगळं या मार्गानं सुरळीत पार पडलं होतं.

हिवाळा संपता संपता साहेब पुढच्या पायानं लंगडायला लागले. गुरांचे डॉक्टर आले. फार सभ्य माणूस. कोणाला अरे-तुरे तर सोडाच, नुसतं 'तुम्ही' म्हणणंही त्यांना जरा उद्धट वाटे. साहेबांचा खूर मांडीवर घेऊन, मान खाली घालून ते म्हणाले, "खूर आतून सुजलाय. दुखतंय बिचाऱ्याला. ही पूड देतो, दुखणं कमी होईल. रोज सकाळी एक चमचा, आपण खाण्यात मिसळून द्यायची. बराच काळ द्यावी लागेल."

ताई साहेबांच्या डोक्याशी उभी होती, बाळ शेपटीशी. दोघांनी माना डोलावल्या. लंगडणं थांबलं. आणि मग हे सुरू झालं.

आधी लीद नुसती सैल झाली. घोड्याची लीद म्हणजे खरं तर देखणी वस्तू. गोल, कोरडी, एकावर एक रचल्यासारखी. तिचे गोळे गेले, मग आकार गेला, मग नुसतं हिरवं पाणी उरलं. शेपूट चिकटून दोरखंडासारखी झाली. मागच्या मांड्यांवरचे केस जळाल्यासारखे गेले. मागची भिंत बाळनं दोनदा चुन्यानं रंगवली आणि तिसऱ्यांदा रंगवायच्या आधी ब्रश खाली ठेवला. आयुष्यभर पाट्या रंगवल्या, पण इतक्या लवकर कुठलंही काम पुसलं गेलं नव्हतं.

"साहेब, खालच्या मजल्याला सांगा, भिजवलेला कोंडा घातल्यावर दुसरं काय होणार? हगवणच लागणार."

"साहेब, असले शब्द तुमच्यापुढे बोलणाऱ्याला सांगा, ओलं गवत कोण उपटून आणतं ते शेजारच्यांनाही दिसतं. तुमचं पोट बिघडलंय म्हणावं. पोट."

"पोट काय भिंतीवर उडतं का, विचारा."

कोंडा बंद झाला. ओलं गवत बंद झालं. डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी लीद तपासायला नेली, जंत निघाले नाहीत. साहेबांचं तोंड उघडून दात पाहिले; दात वयाच्या मानानं बरे होते. पाण्याच्या बादलीत लीद ढवळून ठेवली, तळाशी वाळू बसते का बघायला, वाळूही नव्हती. डॉक्टरांनी पोटावर नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि जे ऐकू आलं ते सांगितलं नाही.

चष्म्याच्या दुकानात ताईच्या हाताला वास यायला लागला. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. मालक मऊ मनाचे होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?"

"साहेब आजारी आहेत."

ताईच्या घरी कोणी साहेब आहेत हे मालकांना नवीन होतं, पण त्यांनी चेहरा सांभाळला. "वय झालंय का त्यांचं?"

"झालंय. पोट थांबतच नाही. उभ्या उभ्या होतं."

"अरेरे. चालता येतं?"

"येतं, पण बाहेर काढलं की रस्त्यात करतात."

"मोसंबीचा रस देऊन बघा," ते म्हणाले आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळत राहिले. ताईनं खुलासा केला नाही. भिंगाची कड चाकावर धरली आणि तिच्या मनात आलं, साहेब गेले तर घरी गेल्यावर बोलायचं कोणाशी? छप्पर गळलं तर सांगायचं कोणामार्फत? बाळ वर, आपण खाली, मधे जिना. जिन्यानं आजवर कोणाचा निरोप पोचवला नव्हता. भिंग जरा जास्त घासलं गेलं आणि चौकटीतून निसटलं. असं तिचं सहसा होत नसे.

बाळ वर काय विचार करत होता ते कोणाला कळायला मार्ग नव्हता. पण 'येथे केस कापून मिळतील' या पाटीत त्याच्या हातून 'केस' हा शब्द लिहायचा राहून गेला आणि न्हावी भांडायला घरी आला.

साहेब उतरत चालले. बरगड्या मोजता येऊ लागल्या, आणि उलट पोटाखाली मात्र सूज आली, बोट दाबलं की खड्डा तसाच राही. खाणं टाकलं नव्हतं, पण खाताना मधेच थांबून विचार केल्यासारखे उभे राहत. डॉक्टर तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी हिरड्या पाहिल्या, सूज पाहिली, हात धुतले आणि टॉवेल नीट घडी करून परत दिला.

"अंगातलं सत्त्व गळतंय," ते म्हणाले. "कारण सापडत नाही. असंच चाललं तर... आपल्याला काही दिवसांनी विचार करावा लागेल. त्याला उगाच यातना देण्यात अर्थ नाही."

कसला विचार ते दोघांनाही कळलं होतं.

डॉक्टरांनी बॅग बंद करता करता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "खुराची पूड आपण देताच आहात ना अजून?"

"हो," ताई म्हणाली.

"हो," बाळ म्हणाला.

कितीतरी काळानं भावंडांचं एकमत झालं होतं. डॉक्टरांना ते गोड वाटलं असावं, कारण ते हसले. मग हसणं अर्ध्यावर थांबलं.

"म्हणजे देतं कोण?"

ताई साहेबांकडे वळली. "साहेब, मी देते. उजाडताच, दुकानात जायच्या आधी."

"साहेब, मी देतो," बाळ म्हणाला. "उठल्यावर, चहा झाला की."

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. "पण बरणी तर एकच दिली होती."

ती लवकर संपली होती. ताईला वाटलं, वरच्या मजल्यानं सांडली. बाळला वाटलं, डॉक्टरांनी मापात मारलं. दोघं आपापल्या वेळेला दवाखान्यात गेली आणि दोघांनी एकेक बरणी भरून आणली. ताईची स्वयंपाकघरात होती, बाळची वर रंगांच्या डब्यांत. दवाखान्यातल्या माणसानं काही विचारलं नाही. घर एकच, तट्टू एकच, मागायला आलेली माणसं रोजचीच.

"मी तर म्हणालो होतो, आपण द्यायची," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मग? आपण म्हणजे मीच ना," ताई म्हणाली. "मी डोक्याशी उभी होते. मला म्हणालात."

"मला म्हणाले," बाळ साहेबांच्या पाठीवरून म्हणाला. "बाईमाणसाला कशाला सांगतील?"

"साहेब, त्यांना सांगा..."

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले.

आपल्या भाषेत 'आपण' हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात 'तुम्ही' बसतात, 'मी' बसतो, अख्खं घर बसतं आणि पुष्कळदा कोणीच बसत नाही. नानांची गोळी 'आपण देऊ' असंच ठरलं होतं. तेव्हा त्या शब्दात कोणी नव्हतं. या वेळी दोघं होती, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावर सोडायचं नव्हतं. नानांनंतर तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दुखणं मारणारी पूड जास्त झाली की मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. मग आतडं पाणी धरत नाही, अंगातलं सत्त्व झिरपून जातं, पोटाखाली सूज येते. सगळं जुळत होतं. आधीच विचारायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्याइतक्या सभ्यपणे कोणी स्वतःला दूषण दिलेलं कोणी ऐकलं नसेल.

"बरं होईल का?" ताईनं विचारलं. हे तिनं थेट डॉक्टरांना विचारलं.

"होतं कधी कधी. पूड आजपासून बंद. जखमा भरायला वेळ लागेल, तोवर त्याच्यात जीव राहिला तर." त्यांनी बॅगेतून पांढऱ्या औषधाची बाटली काढली. "हे दिवसातून चारदा, पिचकारीनं, जिभेच्या मागे. थोडं थोडं खाणं, पाणी समोर कायम. आणि हे एकानं द्यायचं." ते थांबले. त्यांना काय जड जात होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी हात लांब करून सरळ बोट रोखलं. "तू द्यायचंस, बाळ. तू घरी असतोस. दुसऱ्या कोणी बाटलीला हात लावायचा नाही."

कान लाल झालेले डॉक्टर निघून गेले.

ताईनं त्या दिवशी दुकानात एकही भिंग धड घासलं नाही. बाळ दुपारी झोपतो. बाळ रंगवायला बसला की जेवायचं विसरतो. बाळ म्हणजे ज्याच्यावर नानांची गोळी सोडली होती तो. अर्थात बाळच्या हिशेबानं ती तिच्यावर सोडली होती, हेही तिला ठाऊक होतं आणि आज ते नेहमीसारखं झटकता येत नव्हतं. तिनं मालकांना सांगितलं, साहेबांचं बघायला जाते. मालकांनी मान हलवली आणि हात जोडले.

तबेल्याचं दार लोटलेलं होतं. साहेब उभे होते, मान गुडघ्यांपर्यंत खाली. बाळ पालथ्या बादलीवर बसला होता, अंगावर रंगाचा सदरा, हातात काही नाही. बाटली वरच्या फळीवर होती. मान उंचावली असती तर औषध कितीपर्यंत उतरलंय ते तिला दिसलं असतं.

"साहेब," ताई म्हणाली, "वरच्या मजल्याला विचारा..."

साहेबांनी डोळेसुद्धा हलवले नाहीत. एवढ्या आजारी जनावराच्या अंगावर आणखी एक निरोप टाकावा असं तिला वाटेना. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "दुपारचं दिलंस का?"

बाळनं आजूबाजूला पाहिलं. तिथं दुसरं कोणी नव्हतं.

"दिलं," तो म्हणाला. "अर्धं थुंकला. परत दिलं."

"परत सगळं?"

"अर्धंच. थुंकला तेवढं."

ताईनं मान वर केली नाही. बाटलीत काय असेल ते असो. आता तिच्याकडे बाळचा शब्द होता आणि तेवढाच होता. तिनं पदर खोचला आणि साहेबांच्या पायाखालचं भिजलेलं गवत बाजूला सारायला घेतलं. तेवढ्यात साहेबांची शेपूट उचलली गेली. दोघं सवयीनं मागे सरली, मग दोघांनी वाकून पाहिलं.

"पातळच," ताई म्हणाली.

"पातळच."

"मी गेल्यावर कशी होती?"

"तू गेल्यावर म्हणजे, आधी वेगळी होती. नंतर जरा..." बाळ अडखळला. सांगायची सवय गेली होती. "पाणी आधी आलं, मग मागून थोडं घट्ट. नाही, घट्ट नाही. चिखलासारखं."

"रंग?"

"हिरवाच. पण कालच्यासारखा नाही."

"कालचा मी पाहिलाय. आजचा कसा ते सांग."

बाळनं दुसरी बादली पालथी करून तिच्याकडे सरकवली आणि सुरुवातीपासून सांगायला लागला. साहेब दोघांच्या मधे, मान खाली घालून, उभे होते. ते उद्या उभे असतील की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ताई बसली आणि मधे मधे विचारत राहिली.