गायरानातली घोडी

बजरंगने हलगीवर थाप मारली तसा हाका सुरू झाला. गायरानाच्या तिन्ही अंगांनी माणसं डबे बडवत, आरोळ्या ठोकत पुढे सरकली. चौथ्या अंगाला बाभळीच्या फांद्या रचून कोंडवाडा केला होता. मधे नऊ मोकाट घोडे, त्यात दोन शिंगरं.

या कळपानं दोन वर्षं गावाच्या नाकी नऊ आणले होते. हुरड्यात आलेली ज्वारी खाल्ली, ग्रामपंचायतीनं लावलेली झाडं खाल्ली. वनखातं म्हणे आमचं काम नाही, जनावरांचे डॉक्टर म्हणत मालक दाखवा. शेवटी सरपंच विठ्ठलरावांनीच ट्रक ठरवला. तो कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चाँदला मुद्दाम बोलावलं होतं, घोड्यातलं कळणारा गावात तोच एक. पंचक्रोशीतले नवरदेव त्याच्या घोडीवर मिरवले होते. आता तो गावाबाहेरच्या रस्त्यावर पंक्चर काढायचा.

डब्यांच्या आवाजानं कळप उधळला. पुढे एक म्हातारी पांढरी घोडी होती. कोंडवाड्याला बगल देऊन ती थेट टेकाडाकडे निघाली, आणि टेकाडाखाली नेमका बजरंग उभा. नऊ घोडे अंगावर येताना बघून त्याचं भान सुटलं. हात मात्र चालत राहिले, वीस वर्षं वाजवलेल्या वरातीच्या ठेक्यावर.

घोडी थांबली. तिनं कान टवकारले, मान वाकवली आणि जागच्या जागी एकेक पाय उचलू लागली.

“आरं, ही तर नाचायलीय!” बजरंग ओरडला.

“थांबू नगंस! वाजवत वाजवत कोंडवाड्यात चल,” विठ्ठलराव म्हणाले.

बजरंग उलट्या पावली मागे सरत गेला. घोडी नाचत त्याच्यामागे, कळप तिच्यामागे. सगळे आत आल्यावर फांद्या लावून तोंड बंद केलं.

विठ्ठलराव चाँदजवळ आले.

“चाँद, ही तुझी नूरी हाय का रं? दुष्काळात मेली म्हणला व्हतास ना?”

नूरी मेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी छावणीत गाईबैलांना चारा होता, घोड्यांना नव्हता. हाडं वर आलेली घोडी चाँदनं एका पहाटे या गायरानात सोडली आणि घरी येऊन मेली म्हणून सांगितलं. ज्या जनावरानं आपल्याला जेवू घातलं ते सोडून आलो, हे सांगायला तोंड नव्हतं. त्याच्या बायकोनं, रहेमतबीनं, दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

“तुझी आसंल तर ने,” विठ्ठलराव म्हणाले. “पर समदीच न्यावी लागतील. बाकीची मी कुणाच्या गळ्यात घालू?”

चाँद कळपाकडे बघत राहिला. त्याच्या भाड्याच्या खोलीपुढं एक शेळी बांधायला जागा नव्हती.

“न्हाई,” तो म्हणाला. “माझी मेली.”

विठ्ठलरावांनी पुन्हा विचारलं नाही.

ट्रकला फळी लावली, पण नूरी चढेना, आणि ती चढेना म्हणून बाकीचे हलेनात. ड्रायव्हरनं काठी घेतली. पहिला फटका पाठीवर बसला. नूरी मागे रेटत राहिली. काठी पुन्हा वर गेली.

“नूरी,” चाँद म्हणाला. “चल बेटा.”

नूरी फळी चढून वर गेली. तिच्यामागे एकेक करत सगळे चढले. बजरंग हलगीची दोरी उगाच आवळत बसला आणि विठ्ठलराव फांद्या बाजूला करायला गेले. चाँदला आपलीच शिसारी आली.

तो फळीवर चढला.

“मी बी येतो. जिथवर जातील तिथवर. वाटंत पानी पाजायला कुणीतरी पायजे.”

ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं काठी खाली ठेवली.

“मालक हायस का? मालक आसशील तर बस बाबा. वाटंत कुणी आडवलं तर मला सांगता आलं पायजे.”

नूरीनं मान लांब करून चाँदच्या खांद्यावर तोंड टेकलं. बाकीचे त्याच्याकडे न बघायचं ठरवून उभे होते.

“न्हाई,” चाँद म्हणाला. त्यानं तिचं तोंड हातानं हळूच बाजूला केलं आणि फळीवरून खाली उतरला.