खंडेनवमीचा लॅपटॉप

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललोय. देवाला मध्ये घालून बोललो ते एकदाच, आणि त्याची लाज अजून जात नाही.

दोन हजार पाच साल. विरारच्या आमच्या वन रूम किचनमध्ये अर्धी भिंत अडवणारा जुना कम्प्युटर मी काढला आणि त्याच्या जागी लॅपटॉप आणला. लॅपटॉप कसला, धोंडाच! सतरा इंची स्क्रीन, चार किलो वजन, आणि आतला पंखा फिरायला लागला की पिठाची गिरणी. टेबलावरून तो कधी हलायचा नाही. पण मिरवायचो किती! जिन्यातून जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचो. आमची आशालता वैतागायची, "अहो, कांदेपोहे करू का? स्थळ दाखवताय जसं!"

खंडेनवमीला मी रजा टाकली. लॅपटॉप पुसून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तीनला लाईट गेली. लोडशेडिंगने तेव्हा जीव नकोसा केला होता. तीनला गेली की साडेसहाशिवाय येत नसे.

चारच्या सुमारास समोरच्या हरेश्वररावांची उन्नती आली. हातात पेन ड्राइव्ह. पुण्याच्या एका कंपनीने नोकरीसाठी तिच्या कामाचे नमुने मागवले होते, आणि ते त्याच दिवशी सहाच्या आत ईमेलने जायला हवे होते. तिचा कम्प्युटर बंद, खालचा सायबर कॅफे बंद.

"काका, तुमचा बॅटरीवर चालतो ना? फोनची वायर लावली की पंधरा मिनिटांत जाईल."

व्हायरस आला तर, असं मनात आलं. पण ते निमित्त. खरं सांगतो, माझ्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागणं मला सोसत नव्हतं.

"अगं, आज खंडेनवमी ना! यंत्र पूजेला बसवलंय. आज त्याला हात लावायचा नसतो, बाळा."

"अय्या, हो की! सॉरी काका. स्टेशनजवळ बघते." पोरीने विश्वास ठेवला आणि धावत जिना उतरली.

"पंधरा मिनिटांत देव कोपला असता का हो?" आशालता म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसलो. ती ओटीचं ताट घेऊन जीवदानीच्या देवळात गेली.

मग मी एकटा. उकडत होतं म्हणून दार सताड उघडं टाकलं. वेळ जाईना. म्हटलं, जरा चालू करून बघू, कोण बघतंय? माळ काढून खुर्चीवर ठेवली आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. कुणाच्या घरात पंखा नाही, टीव्ही नाही. सगळ्या बिल्डिंगमध्ये फक्त माझ्या गाडीची घरघर. मला त्याचं भानच नव्हतं. तासभर खेळलो.

"काका?"

दारात उन्नती. घामाने निथळलेली, तुटलेली चप्पल हातात. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना लाईट नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती. खुर्चीवरच्या माळेकडे बघत होती.

"ये, ये! बस. लाव तुझं ते," मी धडपडत उठलो. पावणेसहा झालेले. फोनची वायर मीच खुपसली. तिने पेन ड्राइव्ह लावला, आणि स्क्रीन काळी झाली. मी बटण दाबलं, परत दाबलं. बॅटरी माझ्या गेमने संपवली होती.

"असू दे काका, चार्जिंग संपलं असेल," ती म्हणाली. तीच माझी समजूत घालत होती! धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

साडेसहाला लाईट आली. पोरं "आली रे आली" करून ओरडली. समोरचं दार बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. उन्नती आपट्याची पानं घेऊन सगळ्या घरांत फिरत होती. मला वाटलं, आमचं दार टाळेल. टाळलं असतं तर बरं झालं असतं. पण ती आली.

"सोनं घ्या काका, सोन्यासारखे राहा."

"उन्नती, काल मी खोटं बोललो गं."

"माहितीये काका." तिने आशालतालाही सोनं दिलं.

मी ओशाळून म्हणालो, "लॅपटॉपवर पण ठेव दोन पानं. तुझ्या हाताने."

"नको काका. हात लागेल त्याला."

तिने पानं टेबलाच्या कडेला ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडली.