पिवळ्यावर भागवलं

हवामान कचेरीत त्याला पाठीमागे सगळे 'कोरडेसाहेब' म्हणत, आणि हे काही त्याचं आडनाव नव्हतं. त्या वसंतात त्याने दोनदा वादळी पावसाचा नारिंगी इशारा दिला होता आणि दोन्ही वेळा आभाळाने नुसतं गुरगुरून त्याला तोंडघशी पाडलं होतं. शाळांना सुट्टी, बाजार बंद, आणि दिवसभर लख्ख ऊन! कॅन्टीनवालासुद्धा चहा ठेवताना विचारायचा, "साहेब, छत्री आणू का?" माणूस चांगला, अभ्यास पक्का, पण कातडी फार पातळ. लोकांचं हसू त्याला सोसत नसे.

तिसऱ्या खेपेला भर दुपारी रडारवर ढग जमताना दिसले. जमिनीलगत दमट वारा, वर थंड हवा आणि मधे ढगांना चढायला मोकळी वाट. वळवाचा पाऊस असाच जमतो, बघता बघता फुगतो आणि एकाच गावावर रिता होतो. संध्याकाळी शहराच्या खालच्या भागात पाणी भरणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. रंग नारिंगीच हवा होता. बोट नारिंगीवर गेलंही, पण तेवढ्यात कॅन्टीनवाला आठवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. याने तर फुंकर मारायचंही धाडस केलं नाही. पिवळा निवडला आणि खाली लिहिलं, 'हलक्या ते मध्यम सरी, एखाद्या ठिकाणी गडगडाट.'

"नक्की ना?" विभागप्रमुख बाईंनी सही करण्याआधी विचारलं.

"नक्की," तो म्हणाला.

इथवर भित्रेपणा झाला, आणि भित्रा माणूस एक वेळ समजून घेता येतो. पण त्यानंतर तो जिन्यात गेला आणि त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती खालच्या भागातच राहायची आणि गाडी इमारतीच्या तळघरात ठेवायची.

"ताई, गाडी बाहेर काढ. वर चढावर नेऊन लाव."

"अरे, तुमचा तर पिवळा आहे. आत्ताच वाचलं मी."

"तू काढ गं. आणि कुणाला बोलू नकोस."

संध्याकाळी पाऊस असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. ताईच्या तळघरात छातीएवढं पाणी भरलं. जीव कुणाचा गेला नाही, एवढंच नशीब.

सकाळी पाणी ओसरल्यावर तो तिकडे गेला. त्या तळघरात गाड्यांच्या शेजारी टेलरमास्तरांचं दुकान होतं. ताईचे कपडे तिच्या लग्नापासून तेच शिवत. मास्तर आणि त्यांची बायको गाळात उभे राहून कापडाचे तागे बाहेर ओढत होते. शिलाईची यंत्रं आडवी झाली होती आणि त्यांच्या मोटारींतून चिखल गळत होता. लोकांनी शिवायला दिलेले कपडे सगळे एकाच रंगाचे झाले होते.

त्याला पाहून मास्तरांनी हात पँटला पुसले. "या साहेब. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. अंदाज तो अंदाज, चुकतो कधी कधी. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

शिव्या दिल्या असत्या तर त्याने मुकाट खाल्ल्या असत्या. ही माफी मात्र घशाखाली उतरेना, कारण अंदाज चुकलाच नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वर ताईकडे गेला.

तिने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही.

"काल गाडी काढताना मास्तर दुकानातच होते," ती म्हणाली. "'आत्ता कुठे निघालात, ताई?' म्हणाले. मी म्हटलं, चाकात हवा भरायला. तोंडावर खोटं बोलले त्यांच्या. का, तर तू बोलू नकोस म्हणालास."

"ताई, मला वाटलं..."

"मग त्यांची बायको भिजून माझ्याकडे आली, रडली. मी तिला टॉवेल दिला आणि गप्प बसले. यापुढे पाऊस येणार असेल तर मला फोन करू नकोस. सगळ्यांना सांगशील तेच मीही वाचीन. बुडाले तर सगळ्यांबरोबर बुडेन."

लहानपणापासून त्याच्या सगळ्या चुका पोटात घालणारी बहीण ती. आज तिला ते जमलं नाही. तिच्याकडे बघायची लाज वाटून तो पायऱ्या उतरला, आणि बूट काढायचंही भान न राहता तसाच गाळात शिरला.

"मास्तर, अंदाज चुकला नव्हता," तो म्हणाला. "मला दुपारीच दिसलं होतं. मी ताईला सांगितलं, तुम्हाला नाही सांगितलं."

मास्तरांच्या बायकोने हातातला तागा सोडून दिला.

"वरून कुणाचा दाब होता का?" मास्तरांनी विचारलं. एखादं मोठं, पटण्याजोगं कारण असावं, अशी त्यांना अजून आशा होती.

"नाही."

"मग?"

"आधी दोनदा पाऊस आला नव्हता. लोक मला हसले होते."

मास्तर थांबले, पुढे अजून काही असेल म्हणून.

"एवढंच?"

त्याने मनात खूप शोधलं, पण दुसरं काही सापडेना.

"हो," तो म्हणाला. "एवढंच."