विरघळलेली एकदाणी

“काहून वं तुळसे, हेच का तुही एकदाणी?”

चंपतरावांनी बाटलीवरची चंदेरी पन्नी सोलली आणि ती प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात धरली. आत चिमूटभर पांढरी भुकटी होती. वास मात्र असा, की कुजलेली कोबी परवडली.

“मामा, पन्नी नका काढू. त्याले उजेड चालत नाही,” भावना म्हणाली. तेवढ्यात सरांनी हाक मारली म्हणून ती पलीकडच्या खोलीत गेली. भाचीचं ऐकायची मामांना सवय नव्हती. बाटली खिडकीतच राहिली.

गळ्यातली ती सोन्याच्या मण्यांची एकदाणी तुळसाबाईंनी कोराडीच्या मेसमध्ये पोळ्या लाटून, एकेक मणी करून जमवली होती. नवरा वारला तेव्हाही मोडली नव्हती. भावनाच्या संशोधनाला लागणारं सोन्याचं संयुग बाहेरून यायचं होतं, ते वर्षभर आलंच नाही. पोरगी सगळं सोडून मनीषनगरला शिकवणी घ्यायच्या गोष्टी करू लागली, तेव्हा तुळसाबाईंनी एकदाणी काढून तिच्या हातावर ठेवली. सोनाराने सोनं शुद्ध करून दिलं. भावनाने सरांना विचारून ते तेजाबात विरघळवलं आणि त्याची ही भुकटी केली. तेव्हापासून तुळसाबाईंना वेड लागल्याची बातमी सोयऱ्यांत फिरत होती. गळ्यावर राहिलेला एकदाणीचा फिकट वण त्या पदराने झाकू लागल्या होत्या.

“पोराकडचे रविवारी येऊन राहिले,” चंपतराव म्हणाले. “पोरीच्या गळ्यात काही नसन तर मी काय तोंड दाखवू? याचं सोनं परत होते म्हणतात. मंग करून टाक म्हणा तिले.”

“भाऊ, हे मळलेली कणीक हाय. याच्यातूनच तिचं पुढचं सारं होनार. पोळ्या लाटाच्या आंधी कणकीचं पीठ कोन परत मागते?”

दोघांची बरीच जुंपली. भावना परत आली आणि दारातच थबकली. उन्हातली भुकटी जांभळट काळी पडली होती.

“बिघडलं,” ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

चंपतराव ओशाळले, पण संधी सोडतील ते चंपतराव कसले. “आता बिघडलंच हाय, तर सोनंच काढून घे बाई. झालं तेवढं शिक्षण पुरे.”

तुळसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “सोनं हाय का गेलं, भावना?”

“सोनं कुठं जाते, आई. त्यातच हाय. पण पुन्हा पहिल्यापासून करा लागन.”

“मंग विरघळव पुन्हा.”

“अन् रविवारी?” चंपतरावांनी विचारलं.

“येऊ दे त्यायले. पोरगी पाहाची असन तर घरी या म्हणा. एकदाणी पाहाची असन तर इथं. माही होती, म्या कमावली, म्याच देली.” रागाने त्यांचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता.

त्यांनी चुरगळलेली पन्नी टेबलावर तळहाताने सपाट केली. मेसमध्ये डब्याच्या पोळ्या बांधायच्या तशी बाटली घट्ट गुंडाळली आणि लेकीच्या हातात दिली.

बसथांब्यावर चंपतराव हळूच म्हणाले, “पदर घे वं. गळा दिसून राहिला.”

शेजारच्या बायका पाहत होत्या. तुळसाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि कोराडीच्या बसची वाट पाहत उन्हात उभ्या राहिल्या.