दाजींचं कडं

आमचे दाजी किसनराव दरवर्षी हुरड्याला तीच गोष्ट सांगत. औंढ्याच्या अलीकडच्या डोंगरात एक भुयार आहे, ते थेट नागनाथाच्या देवळात निघतं असं लोक म्हणतात. लग्नाआधी दाजी म्हणे एकटेच त्यात शंभर पावलं गेले आणि खूण म्हणून हातातलं चांदीचं कडं शिळेवर ठेवून आले. माझी बहीण द्वारकाआक्का, तिच्यासाठी आलेली दोन स्थळं आमच्या वडिलांनी परत लावली होती. ही गोष्ट ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, पोरगा छातीचा आहे. लगेच सुपारी फुटली.

अशी बावीस वर्षं गेली. कडं बघायला चला म्हटलं की दाजींचं काही ना काही निघायचं. एका वर्षी गुडघा, एका वर्षी अस्वल. एक्केचाळीस सालच्या हिवाळ्यात त्यांनी सापांचं कारण काढलं. आक्का कणसं भाजत होती. मान वर न करता ती म्हणाली, एवढ्या थंडीत साप कशाला बाहेर येतील, या वर्षी मीही येते. दाजींच्या हातातला हुरडा हातातच राहिला. मी त्यांचा मेहुणा, त्यामुळे मला फार आनंद झाला.

आम्ही चौघे निघालो. चौथा नामाजी. डोंगरावर मेंढरं चारणारा हा माणूस चालतानाही चातीवर लोकर कातत असे, आणि सुताचा मोठा गुंडा कायम त्याच्या खांद्यावर असे. आत वाट चुकू नये म्हणून सुताचं एक टोक बाहेर बांधायचं आणि गुंडा सोडत आत जायचं, ही युक्ती त्याचीच. पण टोक त्याने दगडाला न बांधता आपल्या बोकडाच्या गळ्यात बांधलं. मी हटकलं तर तो रागावलाच. दगड निसटतो, पण त्याने शीळ घातल्याशिवाय बोकड जागचा हलत नाही, असं त्याचं म्हणणं. बोकडाबद्दल धनगराशी वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसलो.

पहिल्या वळणापर्यंत दाजी पुढे होते. दुसऱ्या वळणाला ते माझ्या मागे आले आणि तिसऱ्याला नामाजीच्याही मागे. वाट अरुंद होती, दोन जागी फुटलेली. गारठा हाडांत शिरत होता. मी मुद्दाम मोठ्याने पावलं मोजत होतो. साठ झाली, सत्तर झाली. दाजींचा श्वास मला ऐकू येत होता, आणि खरं सांगतो, मला मजा वाटत होती.

तेवढ्यात बाहेर पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज सुरू झाला. गारा पडत होत्या. दचकून माझा कंदिलाचा हात खडकाला लागला, काच फुटली आणि ज्योत विझली. नामाजीने सूत ओढलं. ते ताणलं गेलंच नाही, सैल होऊन हातात येत राहिलं. सूत तुटलं असं आम्ही सगळेच समजलो. माझी मजा तिथेच संपली.

नामाजी हळूच म्हणाला, "किसनराव, तुमी एकटे आल्ते न्हवं? आता तुमीच वाट दावा."

अंधारात दाजी खाली बसल्याचं मला कळलं. गप्प राहून त्यांनी कुठलीही वाट धरली असती, तर आम्ही निमूट मागे गेलो असतो आणि त्यांची बावीस वर्षांची अब्रूही राहिली असती.

"म्या इथवर कधी आलोच न्हाई," ते म्हणाले. "पाच पावलं आलो, कडं ठिवलं अन् पळालो. आगं, तुझ्या बापाला म्या फशिवलं. माझ्या मागं येऊ नगा."

आक्का आता काय म्हणेल याचीच मला भीती वाटली. ती बोलायच्या आत माझ्या हाताला काहीतरी ओलं, गार लागलं. मी ओरडलो. ते बें बें करू लागलं. नामाजीचा बोकड गारांच्या माराने मालकाला हुडकत आत आला होता. तो जसजसा जवळ आला तसतसं सूत सैल पडत गेलं होतं. नामाजीने त्याच्या गळ्याला हात घालून त्याला मागे फिरवलं; आल्या वाटेने तो पुढे आणि आम्ही एकमेकांना धरून मागे, असे बाहेर आलो. शीळ न घालता बोकड कसा हलला, हे कुणीच नामाजीला विचारलं नाही.

बाहेर सगळा डोंगर गारांनी पांढरा झाला होता. नशिबाने खाली शिवारात एक गारही पडली नव्हती. दाजी त्या पांढऱ्यात पाय रोवून उभे होते. आक्काकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. एरवी मी सोडलं नसतं, पण त्या वेळी मला त्यांची कणव आली.

आक्काने कनवटीची गाठ सोडली. आत काळवंडलेलं चांदीचं कडं होतं.

"सुपारी फुटल्यावर शेळ्या घिऊन इथं आल्ते," ती म्हणाली. "तवा सापडलं."

"मंग बापाला काहून सांगितलं न्हाई?" दाजींनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमाला बी परत लावलं असतं." तिने त्यांचा हात ओढून घेतला. "अन् मला तुमीच पायजे व्हते."

मनगट आता जाड झालं होतं. कडं जाईना. आक्काने मूठभर गारा घेऊन त्यांच्या हातावर चोळल्या आणि ते जोर लावून चढवलं. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. हात दुखला असेल असं मी म्हणालो, तेव्हा आक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी बोकडामागे जाऊन उभा राहिलो.

दाजी अजूनही हुरड्याला ती गोष्ट सांगतात. शंभराऐवजी आता पाच पावलं म्हणतात. आक्का कणसं भाजता भाजता म्हणते, "तीन. म्या मोजल्ती."