घंटेवरचं बोट

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या चाचणीत आमची अंगणवाडी धरणगाव तालुक्यात शेवटची आली आणि भर मीटिंगमध्ये माझी शोभा झाली. पोरं ढ नव्हती हो, बुजली होती! म्हणून यंदा मीच चाचणीतल्यासारखा चित्रांचा तक्ता काढला आणि महिनाभर एकेका पोराचं बोट धरून ओळीने गिरवून घेतलं. आंबा, बैल, छत्री, घंटा. चित्रं ओळीनेच विचारतात, क्रम बदलत नाही, हे मी गेल्या वर्षीच हेरलं होतं.

काल विद्यापीठाच्या सारिका मॅडम आल्या. त्या कागदात बघून नाव घेत आणि पोर त्या चित्रावर बोट ठेवी. प्रज्ञाची मैत्रेयी बसली. छत्री झाली आणि तेवढ्यात मदतनीस बाईंच्या हातून खिचडीचं पातेलं दाणकन पडलं. मॅडमसकट सगळे दचकून मागे वळले. मैत्रेयीची पापणीही हलली नाही. तिचं बोट शांतपणे पुढे सरकून घंटेवर थांबलं. मॅडमनी ते नाव अजून घेतलंच नव्हतं.

मॅडम वळल्या. "घंटा," म्हणाल्या आणि बोट बघून खूश झाल्या. "पैकीच्या पैकी! ही शाळेला तयार आहे."

मी तोंड उघडलं, तोच दारात ऐकत उभी असलेली प्रज्ञा आत आली आणि तिने माझे हात धरले.

"ताई, माले वाटे पोरले ऐकू येत नही. उद्या तिले धुळाले दवाखानामा लई जानं व्हतं. आते काय गरज शे?"

एरवी सुपरवायझरच्या तोंडावर बोलणारी मी. मॅडमची गाडी जाईपर्यंत पातेलं घासत बसले.