लालासाहेब सरांनी कुलपात ठेवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. दोन पुडांचा, स्टीलचा, एका अंगाला पोचा आलेला. जुन्या वस्तू स्वतःविषयी सांगताना हळव्या होतात, असा तुमचा अनुभव असेल. मी होणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचावा एवढ्यासाठीच मी बोलतो आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली दाबली गेली, कडा घासल्या गेल्या, कडी बसली आणि मी लोणंदच्या बाजारात आलो. मदिनाबीनं मला दुकानातल्या रांगेतून उचललं, झाकण लावून-काढून पाहिलं आणि घरी नेलं. तिचा नवरा इमामभाई कांद्याच्या मार्केटात वजनकाट्यावर कामाला होता. त्याची भाकरी आणि कालवण मी बरीच वर्षं वाहिलं. एकदा भरल्या टेम्पोवरून पडलो तेव्हा हा पोचा आला, पण झाकण काही सुटलं नाही. इमामभाईनं आजूबाजूच्या हमालांना मला दाखवलं आणि सांगितलं, की रस्सा थेंबभरसुद्धा सांडला नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मग त्यांची मुलगी आसिया आजारी पडली. ती नववीत होती, कबड्डी खेळायची. चढाईला गेली की हात लावून कधी परत आली ते समोरच्यांना कळायचं नाही. पण त्या उन्हाळ्यात ती वाळत चालली. तांब्यावर तांबे पाणी प्यायची, सारखी लघवीला उठायची, पोटभर जेवूनही कपडे ढिले व्हायचे. एके दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि ती भात्यासारखी श्वास घेऊ लागली. साताऱ्याच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं, की तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच थांबलं आहे. ते आता सुईनं घ्यावं लागणार होतं, रोज, जन्मभर.

मदिनाबीनं तिथल्या तिथं खेळ बंद करायचं ठरवलं. दवाखान्यातल्या उमा डॉक्टरांनी तिला अडवलं. खेळू द्या म्हणाल्या, फक्त खाणं सांभाळा. मी मदिनाबीच्या मांडीवर होतो, म्हणून त्यांचं सगळं बोलणं मी ऐकलं.

त्या म्हणाल्या, की निरोगी मुलगी धावायला लागली की तिचं शरीर आपणहून इन्सुलिन कमी सोडतं. आसियाचं तसं नाही. सकाळी टोचलेलं औषध दिवसभर काम करत राहतं, आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. ते रक्तातली साखर खाली आणतं, वर खेळताना स्नायू साखर ओढून घेतात. अशा वेळी पोट रिकामं असेल तर साखर इतकी उतरते, की मेंदूलाही पुरत नाही. म्हणून दुपारचं जेवण लांबवायचं नाही आणि मैदानात उतरण्याआधी थोडं खायचंच. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चांगली, कारण ती सावकाश पचते आणि बराच वेळ पुरते. पण घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर भाकरी चावत बसायचं नाही. आधी साखर, ती रक्तात लवकर पोचते. मग भाकरी. सराव दमवणारा झाला असेल तर रात्रीचं जेवणही टाळायचं नाही, कारण साखर नंतर कितीतरी वेळ उतरत राहते.

शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "हा डबा कायम तिच्याजवळ असू दे."

दुसऱ्या दिवसापासून इमामभाई आपली भाकरी फडक्यात बांधून नेऊ लागला आणि मी आसियाचा झालो. खालच्या पुडात भाकरी आणि उसळ, वरच्या पुडात साखरेची पुडी. आसिया पुन्हा अंगानं भरली, पुन्हा चढाया करू लागली. मला वाटलं, झालं, आता सगळं मार्गी लागलं.

पण मैदानावर लालासाहेब सर होते.

लालासाहेब सर मुलींना कबड्डी शिकवायचे. त्यांची शिस्त सगळ्या तालुक्यात ऐकून माहीत होती. पोट रिकामं तर पाय हलके, असं त्यांचं गणित. सरावाआधी कुणी शेंगदाणा तोंडात टाकलेला त्यांना चालायचा नाही. मदिनाबी स्वतः जाऊन त्यांना डॉक्टरांचं सांगणं समजावून आली. त्यांनी मान हलवली. ती वळल्यावर मात्र ते मुलींसमोर म्हणाले, की लाड घरी करायचे, मैदानात नाही. कुणीतरी हसलं. आसियाही हसली, कारण हसली नसती तर रडली असती.

तेव्हापासून ती भिंतीआड उभी राहून घाईघाईनं खायची. घास नीट चावायचीही नाही. काहीतरी चोरून करते आहे असा तिचा चेहरा व्हायचा, आणि तो बघून माझी कडी तापायची. भाकरी खाणं हा गुन्हा कधीपासून झाला?

त्याच वर्षी रमजानात तिला रोजा धरायचा होता. मदिनाबीनं तिला जवळ बसवून सांगितलं, "आजाऱ्याला सूट हाय, बाळ. अल्लाला समदं कळतं." आसियानं ऐकलं. मित्रांनो, अल्लानं सूट दिली होती. लालासाहेब सरांनी दिली नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड साताऱ्यात होती. सकाळी आसियानं इंजेक्शन घेतलं, न्याहारी केली आणि मला पिशवीत घालून सगळ्यांबरोबर जीपमध्ये बसली. वाटेत सरांनी माझी कडी वाजलेली ऐकली. मैदानावर उतरताच त्यांनी मला उचललं, गुडघ्याच्या पट्ट्या आणि जर्सी ठेवायच्या लोखंडी पेटीत टाकलं आणि कुलूप लावून किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. मॅच झाल्यावर मिळेल, म्हणाले.

मॅच सकाळी होती. ती लांबत गेली. आधीचे सामने रेंगाळले, मग पाहुण्यांची वाट बघणं झालं, मग त्यांची भाषणं झाली. जेवणाची वेळ टळून गेली. आसिया एकदा पेटीपाशी येऊन उभी राहिली. तिनं सरांना हळू आवाजात विचारलं. ते म्हणाले, की एवढी भूक लागत असेल तर राखीव मुलीला उतरवतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. संघात जागा मिळवायला ती कितीतरी दिवस घाम गाळत होती. सरांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावरच त्यांची शिस्त उभी होती.

मी अंधारात होतो. भाकरी माझ्या पोटात तशीच, साखर तशीच. बाहेरचं फक्त ऐकू येत होतं. पूर्वार्धात आसियाच्या नावानं टाळ्या पडत होत्या. उत्तरार्धात टाळ्या थांबल्या. ती चढाईला गेली आणि तिचा दम तुटला. कबड्डी, कबड्डी म्हणता म्हणता ती मध्येच गप्प झाली आणि समोरच्या संघाच्या हद्दीत नुसती उभी राहिली. घामानं निथळत होती, असं तिच्या संघातल्या ओवीनं नंतर घरी सांगितलं. पंचांनी बाद दिलं तरी ती हलेना. सर आत धावले, दंड धरून तिला ओढू लागले, तेव्हा तिनं त्यांना जोरात ढकललं आणि काहीबाही बोलली. साखर एवढी उतरली की माणूस आपला राहत नाही. सरांना ते मस्ती वाटली. त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

तो आवाज मला पेटीत ऐकू आला.

ती खाली बसली ती उठेना. कुणी म्हणालं, पाणी मारा. कुणी म्हणालं, हरायला लागली म्हणून नाटक करते. तेवढ्यात पेटीजवळ ओवीचा आवाज आला. ओवी तिच्याच वर्गातली, संघात डावा कोपरा सांभाळणारी, एरवी मान वर करून न बोलणारी पोर.

"सर, किल्ली द्या."

सर म्हणाले, "जागेवर जा."

ओवी जागेवर गेली नाही. भरल्या मैदानात, पाहुण्यांसमोर, तिनं सरांच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून घेतली. कुलूप निघालं, उजेड आत आला. तिनं माझं वरचं पूड काढून साखर पाण्यात कालवली आणि आसियाचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजली. आसियाला गिळता येत होतं म्हणून हे चाललं. पूर्ण बेशुद्ध झाली असती तर तोंडात काही घालताच आलं नसतं, थेट दवाखाना गाठावा लागला असता, आणि तो गाठेपर्यंत काय झालं असतं ते मला बोलवत नाही. थोड्या वेळानं तिचे डोळे जागेवर आले. मग ओवीनं तिला भाकरी भरवली. आसियानं पहिला प्रश्न विचारला, तो मॅच कोण जिंकलं हा.

शिक्षा कुणाला झाली, ते ऐका. आसियाला उद्धटपणाबद्दल संघातून काढलं. ओवीला सरांच्या अंगाला हात लावल्याबद्दल काढलं. सरांना कुणी काही विचारलं नाही.

इमामभाई मऊ माणूस. संघ चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत तो हात जोडून उभा राहिला. मदिनाबीनं त्याचे हात खाली केले आणि मला टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "एवढी आजारी पोरगी मैदानात आणताच कशाला?"

"आवं सर," मदिनाबी म्हणाली, "माझी पोर आजारानं न्हाई पडली. आजार ती रोज सांभाळती, सुई सवता टोचून घेती. तुमी तिची भाकरी कुलपात घातली म्हणून पडली."

मंडळानं निर्णय बदलला नाही. सरांनी माफी मागितली नाही. त्यांनी ती कधीच मागितली नाही. पुढं एका समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला आणि त्यांच्या शिस्तीवर भाषणं झाली.

आसिया आणि ओवी दोघींनी तो संघ पुन्हा मागितला नाही. दहावीनंतर आसिया माधवनगरला मामाकडं राहायला गेली आणि सांगलीच्या एका संघात खेळू लागली. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, तुझी खायची वेळ कुठली, आणि सरावाची वेळ तेवढी पुढं ढकलली. एवढंच करायचं होतं, मित्रांनो. एवढंच. त्या संघाकडून ती वर्षानुवर्षं चढाया करत राहिली. भिंतीआड जायची गरज उरली नाही. मला मैदानाच्या कडेला सगळ्यांसमोर उघडलं जायचं, आणि उसळ आवडली की बाकीच्या मुलीही हात घालायच्या.

आता माझी कडी सैल झाली आहे. आसिया नवा डबा वापरते आणि मी फळीवर असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, डब्याचं आयुष्य एवढंच असतं. पण अजून कुठल्या तरी मैदानावर कुणी तरी सर पोट रिकामं ठेवा म्हणून ओरडत असतील, आणि रांगेतल्या एखाद्या मुलीचे हात थरथरत असतील. तुमच्या शेजारी असा कुणी खेळत असेल तर त्याच्या डब्याची जागा माहीत करून घ्या. तो एकाएकी चिडला, बरळला, घामानं भिजला, तर नाटक म्हणू नका. साखर द्या, गिळता येत नसेल तर दवाखान्यात न्या. आणि जो इन्सुलिन घेतो, त्याला माझं एकच सांगणं आहे. खायची वेळ झाली की डबा उघड. समोर कुणीही उभं असू दे.